शेवटची पुडी

श्रावणातल्या सोमवारी श्यामलाताई बोलत नसत. पहाटेच्या आंघोळीपासून संध्याकाळी कपालेश्वराचं दर्शन घेऊन उपास सोडेपर्यंत तोंडातून शब्द नाही. अंबडच्या त्या लहानशा रबराच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी वजनखोलीच्या दाराशी एक पाटी टांगलेली असायची, तिला दोऱ्याने खडू बांधलेला. काही सांगायचं असलं की ताई त्यावर लिहायच्या. तपासणीच्या टेबलावर बसणारी पायल त्या पाटीला काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप म्हणायची. "काकू, आज लास्ट सीन पहाटे साडेचारचा दिसतोय तुमचा," म्हणायची, आणि ताई नुसत्या हसायच्या.

आज श्रावणातला शेवटचा सोमवार. पाटी होती, खडू होता, पण पायल गप्प होती. कारखान्याचा मालक श्रेयस, त्याच्या टेबलावर रबराच्या कड्यांचा ढीग पडला होता. पंपात बसणाऱ्या, बांगडीएवढ्या, काळ्याभोर. पहिल्या सोमवारी मळलेल्या मालाच्या. गिऱ्हाइकाने चारशेच्या चारशे परत पाठवल्या होत्या. पंपात बसवून आठवडा होत नाही तोच तडा जातो म्हणून.

श्रेयसने एक कडी उचलून दोन्ही अंगठ्यांनी वाकवली. एका जागी बारीक भेग उघडली आणि बघता बघता आरपार गेली.

"कडक झालाय माल," तो म्हणाला. "गंधक जास्त पडलंय काकू. दुसरं काय असणार? आणि वजनाच्या चिठ्ठीवर सही तुमची आहे."

तो चिडला नव्हता, आणि तेच ताईंना जास्त लागलं. त्याच्या वडिलांनी, शरच्चंद्रांनी, त्यांना बावीस वर्षांपूर्वी त्या काट्यापुढे बसवलं होतं. तेव्हा हा अर्ध्या चड्डीत यायचा आणि खेळायला रबराचे गोळे मागायचा. वडील गेले, हा त्यांच्या खुर्चीवर बसला, त्या दिवसापासून ताई त्याला अहो-जाहो करू लागल्या होत्या. त्याने नको म्हटलं तरी.

"दोष नाही देत मी तुम्हाला," श्रेयस म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना तुमचं? काट्यावरचा आकडा नीट दिसत नसेल. होतं असं. उद्यापासून वजन पायल करेल. तुम्ही आता घरी आराम करा थोडा."

आराम घरी भरपूर होता. पंचवटीत दोन खोल्या, भिंतीत देव्हारा, आणि दिवसभर हाक मारणारं कुणी नाही. अकरा वर्षांपूर्वी यजमान आजारी पडले तेव्हा ताईंनी हे सोमवारचं मौन धरलं होतं. यजमान त्याच वर्षी गेले. ज्याच्यासाठी नेम धरला तोच राहिला नाही, मग सोडायचा तरी कुणाला विचारून? म्हणून तो चालूच राहिला. आता तो इतका अंगवळणी पडला होता की त्यात भक्ती किती आणि सवय किती हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. दमलेलं माणूस असले प्रश्न काढत नाही.

ताईंनी ढिगातली एक कडी घेतली, पदराच्या गडद काठावर जोर लावून घासली आणि काठ श्रेयसपुढे धरला. काठ स्वच्छ होता. मग त्यांनी सोबत आणलेल्या पाटीवर लिहिलं, 'वजन बरोबर. भुकटी नाही.'

श्रेयसला कळेना. त्याने पायलकडे पाहिलं.

"काकू म्हणतायत ते खरं आहे सर," पायल हळूच म्हणाली. "गंधक जास्त झालं की ते रबरात मावत नाही. तीन-चार आठवड्यांत बाहेर फुटतं, अंगावर पांढुरकी भुकटी धरते. इथे काहीच नाहीये. आणि भेग बघा ना, सगळ्यांना एकाच जागी आहे. साच्यात रबराची दोन टोकं येऊन मिळतात, बरोब्बर तिथे. ती टोकं जुळलीच नाहीयेत."

"तेच सामान, तेच वजन, तोच साचा," श्रेयस म्हणाला. "दर आठवड्याला हाच माल करतो आपण. मग याच वेळी का नाही जुळली?" त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, "सहादूभाऊ, जरा आत या."

सहादूभाऊ मिल चालवायचे. मिल म्हणजे समोरासमोर फिरणारे दोन जाडजूड लोखंडी रूळ. त्यांच्या फटीत रबर, काजळी, तेल आणि जस्ताची भुकटी घालून सहादूभाऊ तो गोळा कणीक तिंबावी तसा तिंबून काढायचे, दिवसातून दहा वेळा. माणूस निफाडकडचा, हात मनगटापर्यंत कायमचे काळे. ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"पहिल्या सोमवारी मिलवर काय झालं होतं?"

"काय होनार साहेब? रोज करतो तसंच केलं," सहादूभाऊ म्हणाले आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताईंनी नजर खाली घातली. त्या दिवशी काय झालं होतं ते या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, आणि सहादूभाऊंना त्यातलं अर्धंच.

सगळं सामान मळून झालं की शेवटची पुडी पडायची. गंधक आणि सोबत चिमूटभर औषध. रबराला पक्कं करते ती हीच पुडी, पण तिला ऊब लागली की ती कामाला लागते. ती ऊब तिला साच्यात मिळायला हवी, प्रेसखाली. मिलवरच मिळाली तर रबर तिथेच धरायला लागतं, आणि मग साच्यात कितीही दाबलं तरी टोकाला टोक मिळत नाही. पाक पुढे गेला की लाडू वळत नाहीत, तसं. म्हणून रुळांच्या पोटातून गार पाणी खेळवायचं, माल निवू द्यायचा आणि मगच पुडी.

माल निवला की नाही हे सहादूभाऊंच्या बोटांना पूर्वी कळायचं. आता बोटं राठ झाली होती, गरम-गार सगळं सारखंच लागायचं. पण ताईंना ते वासावरून कळायचं. कढत रबराला एक आंबूस, जळका दर्प येतो, निवलं की तो बसतो. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दोघांची एक रीतच पडून गेली होती. ताई पुडी मुठीत धरून मिलपाशी उभ्या राहायच्या. सहादूभाऊ विचारायचे, "घेऊ का?" ताई म्हणायच्या, "थांबा." कधी पाच मिनिटं, कधी वीस. मग हात पुढे व्हायचा. हातातून पुडी मिळाली म्हणजे घाला, इतकं ते साधं होतं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, आणि शरच्चंद्रांनाही बहुधा माहीत नसावं.

पहिल्या सोमवारी एमआयडीसीच्या पाण्याला जोर नव्हता. रूळ निवायला वेळ लागत होता. गाडी चार वाजता माल न्यायला येणार होती. ताईंच्या पोटात पहाटेच्या कपभर दुधाखेरीज काही नव्हतं आणि गुडघा सकाळपासून ठणकत होता. त्या दहा मिनिटं मिलपाशी उभ्या राहिल्या, मग पुडी शेजारच्या टेबलावर ठेवून आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. जरा टेकू आणि येऊ, एवढंच मनात होतं.

सहादूभाऊंनी वळून पाहिलं. ताई नव्हत्या, पुडी होती. सोमवार, ताईंचं मौन, म्हणजे ठेवून गेल्या, म्हणजे घाला. त्यांनी पुडी फोडली.

वजनखोलीच्या काचेतून ताईंना ते दिसलं. त्याच्या आधी वास आला. त्या उठल्या, दारापर्यंत आल्या. 'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर येऊन बसला होता. तीन अक्षरांचाही नाही. पण अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता तो नेम, आणि सूर्य मावळायला अजून किती तास होते. त्यांनी शब्द गिळला. हात वर केला, टाळी वाजवली, पण मिलच्या घरघरीत ती सहादूभाऊंना ऐकू गेली नाही आणि त्यांची पाठ वळलेली होती. पिवळी पुडी काळ्या मालात मिसळून गेली. ताई परत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी त्या बोलू शकत होत्या, बुधवारीही. नाही बोलल्या. माल गेला होता, तक्रार नव्हती, आणि सांगायचं म्हणजे स्वतःचंही सांगावं लागणार होतं.

"सहादूभाऊ," श्रेयस म्हणत होता, "मागच्या वर्षीही एक लॉट गेला होता तुमच्या हातून. तेव्हाच मी सांगितलं होतं की पुन्हा झालं तर मिलवर दुसरा माणूस आणावा लागेल. आठवतंय?"

"आठवतंय ना."

"मग गरम मालात गंधक घातलं होतं का?"

पुडी ताईंनी ठेवली म्हणून घातली, हे सहादूभाऊंना सांगता आलं असतं. उपासाच्या बाईमाणसाचं नाव पुढे करणं त्यांच्याने होईना. ते नुसते हात पुसत राहिले, त्या हाताला न निघणारा काळा रंग जणू आज निघणार होता.

ताईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'पुडी गरम असताना पडली.'

श्रेयसने वाचलं. "म्हणजे सहादूभाऊंनी घाई केली."

ताईंनी पाटीकडे पाहिलं. लिहिलेलं खरं होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वजन बरोबर होतं हेही खरं. तीच पाटी आता त्यांची खुर्ची राखणार होती आणि सहादूभाऊंची मिल काढून घेणार होती. पुढचं सगळं, ते उभं राहणं, तो गुडघा, ते टेबल, तो गिळलेला शब्द, त्या वीतभर पाटीवर मावणारं नव्हतं. मावेल इतकंच लिहिलं तर ते आणखी वाईट होणार होतं. आणि मौन मोडलं नाही असं संध्याकाळी त्या महादेवाला सांगायचं? कपालेश्वरापुढे तर नंदीही नाही, कुणाच्या कानात कुजबुजून निरोप धाडावा म्हटलं तरी सोय नाही. जे काय ते सरळ त्याच्या तोंडावर सांगावं लागतं.

त्यांनी पदराने पाटी पुसली. घसा खाकरला. पहाटेपासून न वापरलेला आवाज फाटका निघाला.

"त्यांची घाई नव्हती."

पायलने चमकून मान वर केली. सहादूभाऊंचे हात थांबले.

"ताई, आज सोमवार हाय," ते घाबरून म्हणाले.

"माहीत आहे." ताई श्रेयसकडे वळल्या. "पुडी मी हातात धरून उभी राहते, आणि माल निवला की देते. ते माझं काम आहे. कागदावर नाही, पण आहे. त्या दिवशी पाय दुखत होता म्हणून मी टेबलावर ठेवून आले. त्यांना वाटलं, दिली. घालताना मला दिसलं. वासही आला. एक शब्द बोलले असते तर थांबले असते ते. मी बोलले नाही."

"मौन म्हणून?" श्रेयसने विचारलं.

"मौन म्हणून. आणि नंतर भीतीने." त्यांनी पाटी टेबलावर ठेवली. "तुला सांगायला हवं होतं रे दुसऱ्याच दिवशी."

अरे-तुरे निसटून गेलं, पण ते परत घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती. श्रेयसने भेग गेलेली कडी पुन्हा उचलली, बोटावर फिरवली, ठेवून दिली.

"म्हणजे इतकी वर्षं माल तुमच्या नाकावर चाललाय," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की नवल, हे ताईंना कळलं नाही. "बाबांच्या वहीत सगळं लिहिलंय. किती रबर, किती काजळी, किती तेल, ग्रॅमपर्यंत. हे नाही लिहिलेलं."

"ताईंना विचारायला हवं होतं कुनीतरी," सहादूभाऊ पुटपुटले.

"मिलवर सहादूभाऊच राहतील," श्रेयस म्हणाला. "रुळांना तापमान दाखवणारं यंत्र बसवून घेतो. पण काकू, वजन उद्यापासून पायलकडे. ते बदलत नाही. ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही तिच्याजवळ बसा आणि तो वास शिकवा तिला. पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढे बघू" म्हणजे काय, हे ताईंना कळत होतं. खुर्ची गेली होती, हळूहळू जाणार होती इतकंच. त्यांनी मान हलवली. चारशे कड्या पुन्हा करायच्या होत्या, त्यासाठी सामान सकाळीच तोललेलं होतं.

पायल शेवटची पुडी घेऊन निघाली. ताईंनी हात पुढे केला. पायलने पुडी त्यांच्या मुठीत दिली आणि स्टूल उचलून मिलपाशी आणून ठेवलं.

"बसून धरली तर चालेल ना काकू?" तिने विचारलं. "नेमात बसतं का ते?"

"नेम मोडलाच आहे आज. बसते," ताई म्हणाल्या.

रूळ फिरत होते. आज पाण्याला बऱ्यापैकी जोर होता. काळा, लकाकता पट्टा रुळावरून उतरत होता, पुन्हा चढत होता. सहादूभाऊंनी त्याला सुरीने काप दिला, गुंडाळी करून परत फटीत सोडली. दर्प नाकाशी येत होता, आंबूस, जळका. पायल ताईंच्या खांद्याशी वाकली आणि तिनेही श्वास ओढून घेतला.

"घेऊ का ताई?" सहादूभाऊंनी विचारलं.

ताईंनी डोळे मिटले. उपासाने डोकं जड झालं होतं. गुडघा ठणकत होता, पण बसल्यामुळे जरा कमी.

"थांबा," त्या म्हणाल्या.