तीन मिलिमीटरचं अक्षर

सुनावणीच्या खोलीत छपाईवाल्याला शेवटची खुर्ची मिळाली. पुढच्या दोन रांगा बिस्किट कारखानदारांच्या संघटनेने सकाळीच अडवल्या होत्या. अन्न मंडळाच्या टेबलावरचा चहासुद्धा त्यांनीच मागवला होता.

"भाऊजी, रडत बसू नका. मुद्द्याचं बोला," शेजारी बसलेला मेहुणा कुजबुजला.

मुद्दा एवढाच होता. शेंगदाण्याचा इशारा पाकिटावर तीन मिलिमीटर उंच अक्षरात छापावा, असं मंडळाच्या मसुद्यात होतं. संघटनेला एक मिलिमीटर पुरे होतं.

छपाईवाल्याच्या बायकोला शेंगदाण्याचा कणही सोसत नसे. पाकीट उलटून वाचल्याशिवाय ती काही तोंडात घालत नसे. त्या दिवशी तिचा चष्मा दुरुस्तीला होता. "बघा हो, काय लिहिलंय?" बिस्किटाचं पाकीट पुढे करत तिने विचारलं. तो न बघताच म्हणाला, "अगं, आमच्याच मशीनवर छापलंय. खा बिनधास्त." ती दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

संघटनेचे वकील उठले. "इशारा मोठा केला तर पाकिटावर जागाच उरत नाही, साहेब."

"जागा नाही कशी?" छपाईवाला उभा राहिला. "'वीस टक्के जास्त' म्हणून एवढा पिवळा तारा छापून घेता. त्यात इशारा दहा वेळा बसेल!"

मागे कुणीतरी हसलं. तो तडक पुढे गेला आणि त्याने मंडळाच्या अध्यक्षांसमोर एक मिलिमीटर इशाऱ्याचं पाकीट ठेवलं. "तुम्हीच वाचा."

अध्यक्षांनी पाकीट लांब धरलं, जवळ धरलं. "नाही बुवा लागत."

मेहुण्याने आनंदाने मूठ आवळली.

पण तीस वर्षांची सवय. मशीनवर कुणाला बारीक अक्षर लागलं नाही, की छपाईवाला खिशातलं भिंग पुढे करायचा. आत्ताही त्याचा हात आपसूक खिशात गेला. "हे घ्या. यातून बघा, किती बारीक आहे."

अध्यक्षांनी भिंग लावून मोठ्याने वाचलं, "यात शेंगदाणा असू शकतो."

"वाचता आलं," वकील लगेच म्हणाले. "नोंद व्हावी."

नोंद झाली.

"अहो, काय केलंत हे!" जिन्यात मेहुणा एवढंच बोलला.

महिन्याभराने नियम आला. एक मिलिमीटर. खाली कारणही दिलं होतं: या आकाराचं अक्षर वाचता येतं, याची मंडळाने प्रत्यक्ष खात्री केली आहे.

त्याच आठवड्यात नवी पाकिटं मशीनवर चढली. छपाईवाल्याने पहिला कागद काढून भिंग लावलं. अक्षरं स्वच्छ उठली होती.