दोन मुलांचा ओक

मित्रांनो, मी एक जुना ओक वृक्ष आहे. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी उभा आहे. आमच्या गावचे बत्तीस तरुण समुद्रापलीकडच्या पहिल्या महायुद्धात गेले, ते परतलेच नाहीत. गावाने एकेकाच्या नावाने एकेक रोप लावले. मी विल्फ्रेड ट्रेगेन्झाचा. त्याच्या आईने, ग्रेसने, हातमोजे काढून माझ्या मुळांवर माती लोटली, तेव्हा मी तिच्या गुडघ्याएवढाही नव्हतो.

शेजारचे रोप डॅनियल मलकाहीचे. त्याची आई होनोरा लोकांची धुणी धुवायची. दोघी दर रविवारी पाणी घेऊन यायच्या, पण एकमेकींकडे पाहायच्याही नाहीत. ग्रेस मेथडिस्ट, होनोरा कॅथलिक; दोघी ख्रिस्तीच, पण एकमेकांशी न पटणाऱ्या पंथांच्या. शिवाय सक्तीच्या सैन्यभरतीवरून दोघींचे भर बाजारात कडाक्याचे भांडण झाले होते.

हिवाळ्यात पाने गळाली की मला गुंगी येई. न पाहिलेल्या मुलांची पावले मुळांत वाजत. मीच विल्फ्रेड आहे आणि शीळ घालत घरी निघालो आहे, असे मला वाटे. पण घर काही येत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाऊस रुसला. डॅनियलचे रोप वाळून गेले. तरी होनोरा दोन महिने त्याला पाणी घालत राहिली. एका रविवारी ग्रेसला राहवले नाही.

"अहो मलकाहीबाई, काठीला पाणी घालताय तुम्ही."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

"मग?"

"मग कुठं ओतू? तुमच्या विल्फला तिकडं निदान थडगं तरी आहे. माझा डॅन सापडलाच नाही हो."

ग्रेसने आपली बादली खाली ठेवली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं ओता."

"विल्फच्या झाडाला? तुमच्या पाद्रीबाबांना चालेल?"

"त्यांना विचारतंय कोण? शाळेत विल्फनं डॅनच्या डब्यातली निम्मी भाकर रोज लाटली. आता डॅनला निम्मी सावली घेऊ दे."

होनोरा खुदकन हसली आणि हसता हसता मटकन खालीच बसली. तिच्या बादलीतल्या पाण्याला साबणाचा वास होता. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

गावच्या समितीने नवे रोप देऊ केले, पण होनोराने नको म्हटले. माझे खोड भरले तेव्हा त्यावर विल्फ्रेडच्या नावाच्या पितळी पट्टीखाली डॅनियलच्या नावाचीही पट्टी लागली. काही लोकांनी नाके मुरडली. दोघी मात्र माझ्याखाली चहा पीत बसू लागल्या.

पुढे ग्रेस यायची थांबली. काही वर्षांनी होनोराही. माझी साल फुगत गेली आणि पट्ट्यांच्या कडा तिने गिळल्या. आता माझ्या अंगात कुणी जाहिरातीचे खिळे ठोकते, तर गवत कापणारे यंत्र माझे बूड सोलते. मी रागावत नाही. अर्धवट झोपेत दोन मुले माझ्या आतून चालत असतात, त्यांतला माझा कोणता, हे मला आता सांगता येत नाही.

मित्रांनो, नाव असलेले झाड दिसले तर त्याला इजा करू नका. क्षणभर थांबा. नाव पुसट असेल तर बोटांनी चाचपा आणि मोठ्याने वाचा. ज्याला हाक मारायला आई उरली नाही, त्याला तुमची हाक पुरते.