‘अनबिलीव्हेबल’ची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची पट्टी आहे. चार घड्यांची, पाच तुकड्यांची. माझ्यावर इंग्रजीत ‘अनबिलीव्हेबल’ लिहिलंय. मेला तो शब्द आता नकोसा झालाय मला.

बेलापूरच्या एका सोसायटीत मधुकर सर इंग्रजीची शिकवणी घेत. त्यांनी कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून मला कापलं. मधला ‘बिलीव्ह’ लाल शाईने लिहिला; तो घरधनी. पुढचा ‘अन’ आणि मागचा ‘एबल’ निळे, ते पाहुणे. एकेक घडी उघडायची आणि दर तुकड्याला टेबलावर बोट आपटायचं. अन, बि, ली, व्हे, बल. जवळच्या दिवाळे गावातून शिकवणीला येणारी सुचिता पहिल्या दिवशी म्हणाली, “सर, यो शब्द माजे तोंडान मावत नाय!” महिन्याभरात ती असले शब्द घडाघडा वाचू लागली. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग सरांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. रोज बोलायचा सराव घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. झालं! सरांच्या पत्नी जयमालाबाईंनी कपाटातून मलाच काढलं. अहो, ‘पाणी’, ‘चहा’ घ्यायचं सोडून मला! इंग्रजीच्या सरांना सोपे शब्द दिले तर त्यांना कमीपणा वाटेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एका सकाळी सर डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर आपटू लागले. जयमालाबाई हरखल्या. “प्राची, ये गं लवकर! बाबा शब्द तोडतायत!”

लेक धावत आली आणि मोबाईलवर व्हिडिओ घेऊ लागली. बाईंनी मला सरांच्या डोळ्यांपुढे धरलं. “म्हणा, अन...”

सरांनी मला ढकललं.

“असा कंटाळा नाही हं करायचा. पाचच तर तुकडे आहेत.”

सर आपटतच राहिले. पाचदा, दहादा, वीसदा. त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. मला दिसत होतं हो, पण पुठ्ठ्याला कुठलं तोंड? अर्ध्या तासाने तो हात थांबला.

हृदयविकाराचा झटका होता. हॉस्पिटलात म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तेराव्यानंतर प्राची तो व्हिडिओ पुसायला निघाली. जयमालाबाईंनी पुसू दिला नाही. “राहू दे. यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता मला, म्हणून यांचं ऐकलंच नाही मी.” त्या तो रोज बघतात, आवाज बंद करून. त्यात आवाज फक्त त्यांचाच आहे.

मित्रांनो, मला जपू नका, रद्दीत टाका. एवढंच करा, आजारी माणसाचा धडा घेण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा. तेवढं कुणी केलं असतं, तर सर कदाचित आज घरात असते.