कोचनं माइकवर जे सांगितलं

एल्बर्ट प्रुइटच्या तोंडामुळे सामना नासला, असं शनिवारपासून गावात जो तो म्हणत होता. चर्चमधली आमची माणसंसुद्धा. मला त्यांचाच संताप जास्त आला.

एल्बर्टला सगळे कोच म्हणतात. अकरा वर्षं तो फलंदाजामागे गुडघे मोडून कॅचर म्हणून बसला, मग सहा वर्षं आमच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर होता. मालक मिस्टर क्रॉफ्टच्या पुतण्याला, डॅरिलला, त्यानं शॉर्टस्टॉपच्या जागी, जिथं जमिनीवरून येणारे सगळ्यात अवघड चेंडू अडवायचे असतात तिथं, उभं करायला नकार दिला, म्हणून त्याला घरी बसवलं. पुढे लोकांनी मागणी केली, तेव्हा रेडिओवर सामना सांगायचं काम मिळालं. त्या कार्यक्रमाला जाहिराती क्रॉफ्टच्याच. मी चर्चचा डीकन, रेव्हरंडांच्या हाताखालचा. कोचच्या शेजारी बसून खेळाची वही लिहितो.

शनिवारी आमचा चेंडू टाकणारा पिचर, क्लीऑन बॅटल, असा खेळत होता की समोरच्या संघाला एकही हिट मारता येईना, स्वतःच्या फटक्यावर कुणी पहिल्या बेसलाही पोचेना. अशा वेळी आमच्याकडे कुणी तसं बोलून दाखवत नाही. बाकावर पिचरच्या शेजारीसुद्धा कुणी बसत नाही. बोललं की मोडतं म्हणे. सातवा डाव संपला आणि कोच माइकवर शांतपणे म्हणाला, "मंडळी, सात डाव झाले. क्लीऑनला अजून एकही हिट बसलेली नाही."

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्यानं माइकवर हात ठेवला.

"डीकन, पाय आवर."

"कशाला बोललास?"

"मग हॅटीआजीला कोण सांगणार? तिला फळा दिसतो?"

हॅटीआजी म्हणजे क्लीऑनची आजी. डोळ्यांनी पूर्ण आंधळी. तिसऱ्या रांगेत कानाशी रेडिओ धरून बसते. नातवाचा पराक्रम तिलाच तेवढा कळू नये, हा कुठला न्याय?

शेवटच्या, नवव्या डावात एकच गडी बाद करायचा राहिला होता. चेंडू जमिनीवरून सरळ आला तो आता शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या डॅरिलकडे. त्यानं हातमोजा खाली नेला, पण उशिरा. चेंडू दोन पायांमधून मागे गेला. ही उघड चूक होती, आणि चूक खेळाडूच्या नावावर लिहितात, ती हिट धरत नाहीत. पण क्लबनं नेमलेल्या नोंदी ठेवणाऱ्यानं पुतण्याला वाचवलं आणि फळ्यावर हिट लावली. क्लीऑनचा पराक्रम तिथंच पुसला गेला. आणि सगळं मैदान मान वळवून बघायला लागलं. डॅरिलकडे नाही. आमच्या रेडिओच्या खोलीकडे.

रविवारी सकाळी क्रॉफ्टचा कागद आला. दुपारच्या सामन्याआधी ही माफी वाचा, नाहीतर माइक सोडा.

त्या सकाळी चर्चमध्ये रेव्हरंड गेन्स बायबलातल्या बलामाच्या गाढवीवर बोलले. तिला वाटेत देवदूत दिसला म्हणून ती थांबली, आणि मालकानं तिलाच झोडपलं. रेव्हरंड बोलता बोलता सुरात शिरले, ऑर्गन मागून आला, आम्ही सगळे उठून म्हणत होतो, "गा, रेव्हरंड, गा." माझे डोळे भरून आले होते. बाहेर पायरीवर येतो तोच आमच्या चर्चमधली सिस्टर मेबेल कोचला म्हणते, "जीभ जरा चावायची होती की रे."

"सिस्टर," मी म्हटलं, "सगळं जग तळहातावर धरणाऱ्या देवाला एक चेंडू धरता आला नाही, का तर हा बोलला?"

"देव वेगळा, डीकन. बेसबॉल वेगळा."

कोच हसला. मला हसू आलं नाही.

दुपारी त्यानं माइक उघडला, कागद उलगडला. "शनिवारी माझ्या बोलण्यामुळे..." इथवर वाचलं आणि थांबला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्याच्या आवाजात सकाळचा तो सूर आला.

"चेंडू जमिनीवरून आला. सरळ आला. वाटेत कुठे वळला नाही. हातमोजा तिथं होता, पण उशिरा होता. अकरा वर्षं मी गुडघ्यांवर बसून चेंडू बघितलेत. ती हिट नव्हती, मंडळी. ती चूक होती. आणि ती माझी नव्हती."

"गा, कोच," माझ्या तोंडून निघून गेलं.

माइकवरचा लाल दिवा विझला. खाली बाकांवरचे सगळे रेडिओ एकदम मुके झाले. लोक रेडिओवर थापा मारायला लागले.

कोचनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याला बेसबॉलखेरीज दुसरं काही येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. "चल डीकन," तो म्हणाला, "वही घे."

आम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. हॅटीआजी रेडिओ हलवत होती.

"मेलं काय की हे."

"ते ठीक आहे, आजी. मी मेलोय," कोच म्हणाला.

"मग मेल्या, सांग की. पहिला चेंडू कसा होता?"

तो सांगू लागला. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली, बाजूची गप्प झाली. मी वहीत शनिवारचं पान काढलं, नवव्या डावापुढे शाईनं डॅरिलचं नाव घालून 'चूक' लिहिलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "कोच, जरा मोठ्यानं."

सिस्टर मेबेल होती. मी सरकून तिला जागा दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.