दोन गॅलनांचं पोट

मी एक जुना, पोचे आलेला लोखंडी डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. लाँचच्या इंजिनाच्या तळाला बोल्टांनी आवळून बसवतात तो मी. दाजी मिस्त्री मला चेंबर म्हणतो. माझ्या पोटात दोन गॅलन तेल मावायचं. शेजारचा पंप ते उचलून इंजिनाच्या अंगभर फिरवायचा आणि काम उरकून ते निथळत पुन्हा माझ्याकडे यायचं. तेल मिळालं नाही तर लोखंड लोखंडाला घासतं, तापतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. सत्तावन्न साली गंगाराम तांडेलांच्या लाँचमध्ये बसून मी मालवण बंदरात आलो. आगबोट दूर नांगर टाकायची आणि आम्ही तिचे उतारू धक्क्यावर आणायचो. लाँच चालवायचा सत्यवान. रोज सकाळी तो मापपट्टी बुडवून तेल बघायचा, मला फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "हेच्या पोटात आसा, तवसर आपल्या पोटात." तेव्हा पंप माझ्या मापाचा होता. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे बंदरात दुसरी, आमच्याहून वेगवान लाँच आली. गंगाराम तांडेलांना झोप येईना. "आगबोटीकडे पयली लाँच माझीच पोचूक व्हयी!" असं त्यांनी दाजीला बजावलं. दाजीनं इंजिनाचा वेग वाढवला. वाढलेल्या वेगाला तेल कमी पडू नये, म्हणून एका मोठ्या इंजिनाचा पंप आणून माझ्या शेजारी बसवला. हेतू चांगलाच होता हो, पण मला कुणी विचारलं नाही.

त्या पंपाचं तोंड केवढं! लाँच निम्म्या वेगात असली की सगळं ठीक असायचं. पूर्ण वेग दिला की तो मला क्षणात रिकामा करायचा. वर गेलेलं तेल खाली यायला वेळच मिळत नसे. माझा तळ उघडा पडायचा, पंप नुसती हवा गिळायचा आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली यायचा. सत्यवान घाबरून इंजिन बंद करी आणि पट्टी बुडवी. तोवर सगळं तेल माझ्या पोटात परतलेलं असे.

"पट्टी भरलेली आसा, मगे काटो कित्याक पडता?" तो डोकं खाजवायचा.

दाजीनं काटा बदलला, तरी तेच. शेवटी गंगाराम तांडेलांनी इंजिनापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या इंजिनात काय वायट-वंगाळ आसात तर ता भायर काड रे म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" नारळाचं पाणी माझ्या अंगावर सांडलं. वाईट-वंगाळ माझ्या शेजारीच ऐटीत बसलं होतं, पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं माझं झालं. सत्यवानाचा हात वेगाच्या दांड्याकडे गेला की तळ उघडा पडायच्या आधीच मी भिऊन जायचो.

बासष्टच्या मे महिन्याची अखेर होती. पावसाळ्याआधीची शेवटून दुसरी आगबोट आली होती. आमच्या लाँचमध्ये बेचाळीस माणसं बसली, गंगाराम तांडेल स्वतः पुढे उभे होते. त्यात सत्यवानाची बायको नर्मदाही होती, मुंबईला बहिणीकडे जाऊन परतलेली. ती इंजिनाजवळच टेकली. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना पश्चिमेकडून काळं आभाळ धावत आलं आणि वारा सुटला. सत्यवानानं पूर्ण वेग दिला.

लाटांवर लाँच उभी-आडवी होऊ लागली. माझ्यात जे काही तेल उरलं होतं, तेही एका कडेला पळालं. काटा पडला. वर बेरिंगं किंचाळू लागली. डाव्या हाताला खडकांवर पाणी फुटत होतं आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. इंजिन आता जाम झालं, तर बेचाळीस माणसं त्या खडकांवर जाणार होती. मित्रांनो, इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

"वाढय रे, आणि वाढय! खडकार जातलंव!" गंगाराम तांडेल ओरडले.

नर्मदा मात्र काट्याकडे बघत होती. "अवो, सावकाश करा!" ती म्हणाली आणि भावाच्या विहिरीचं घाईघाईनं सांगू लागली. "धामापुराक माझ्या भावान बावीर असोच मोठो पंप लायल्यान. झरो भरूच्या आधीच तो बाव सुकयता आणि नुसतो वारो वडता. जरा थांबला काय पाणी परत येता. हेचा तसाच आसतला!"

"आता सावकाश? खुळावलंस काय गो?" तांडेल खेकसले.

सत्यवान घाबरला होता. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि दांडा मागे ओढला. माणसांनी आकांत मांडला. लाँच खडकांकडे सरकू लागली. मला वाटलं, संपलं सगळं. इतक्यात वरून तेल उतरू लागलं. आधी थेंब आले, मग धार लागली. माझा तळ झाकला गेला, काटा हळूहळू उठला. निम्म्या वेगात, रडतखडत, आम्ही खडकांना वळसा घातला आणि सगळे धक्क्याला लागलो.

दुसऱ्या दिवशी दाजीनं मला उघडलं. तळाशी बेरिंगांचा चकाकता चुरा होता. दाजीनं तो बोटावर घेऊन पाहिला. "चूक माझी. पंप वाढयलंय, पण चेंबर वाढवक इसारलंय."

शेवटची आगबोट दोन दिवसांवर होती, म्हणून तांडेलांना घाई होती. पण सत्यवान म्हणाला, "चेंबर वाढवल्याशिवाय माणसा भरून मी लाँच काडूचंय नाय." तेव्हा माझं पोट कापून, पत्रा जोडून ते चार गॅलनांचं केलं. गॅसच्या ज्योतीखाली मी पुन्हा भ्यालो, पण ते भय बरं होतं.

आता मी म्हातारा झालोय. माझं एवढंच मागणं आहे, की कुणावर जास्त भार टाकाल तेव्हा आधी त्याचं पोट बघा, आणि एखादा दमून खाली बसला तर त्याला आणखी पळवू नका. त्या दिवशी माणसं वाचली ती माझं पोट मोठं होतं म्हणून नव्हे, ते तर लहानच होतं. सगळे "वाढव" म्हणत असताना एक बाई "सावकाश" म्हणाली, आणि घाबरलेल्या नवऱ्यानं तिचं ऐकलं, म्हणून वाचली.