आतून बुजवलेलं दार

शरयूने हातोडीच्या दांड्याने भिंतीवर हलकेच ठोकलं, वीतभर सरकून पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा आवाज बदलला. तिने तिथे खडूने खूण केली आणि टेपचं दुसरं टोक धरून बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "इथून धर. खालपर्यंत."

"किती झालं?" यशोधनने विचारलं.

"तू धर. वाचते मी."

पाच फूट आठ इंच उंच, दोन फूट दहा इंच रुंद. माप दाराचं होतं, पण दार नव्हतं. भिंतीसारख्याच विटा, भिंतीसारखाच चुना. फक्त तेवढ्या भागातले सांधे बाकीच्या रांगांशी जुळत नव्हते.

ते दोघं राहत त्या ईडन प्रेरीहून दोन तास दक्षिणेला, कापून झालेल्या मक्याच्या शेतांमध्ये हे घर उभं होतं. डेन्मार्कहून आलेल्या एका शेतकरी कुटुंबाने ते १८८२ साली बांधलं, तिकडे बांधायचे तसंच: लांबट, बुटकं, माणसं आणि गुरं एकाच आढ्याखाली, आणि वर तळ्यातल्या लव्हाळ्याने शाकारलेलं हातभर जाड छप्पर. छपराचा वरचा थर तीन-चारदा बदलला होता. सगळ्यात आतला मात्र अजून पहिलाच होता, धुराने काळा ठिक्कर. हात लावला की बोटं काळी व्हायची. कुठला वासा कुठे बसवायचा ते कळावं म्हणून सुताराने वाशांवर आकडे कोरले होते, तेही शाबूत होते. गावातल्या ट्रस्टने घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा मोजमापं आणि रिपोर्टचं काम शरयूकडे आलं. जुन्या इमारतींचीच ती आर्किटेक्ट होती.

यशोधन सहसा तिच्या साइटवर येत नसे. आज सकाळी तो स्वतःहून म्हणाला होता, मी ड्राइव्ह करतो. का, ते तिला हायवेला लागल्यावर कळलं.

"बॉथेलच्या टीमला मंडेपर्यंत सांगायचंय," तो म्हणाला होता. "ट्रान्सफर पुन्हा पुढे ढकलता येणार नाही. आणि आपल्या घराला गिऱ्हाईकही आहे, शरयू."

ती खिडकीबाहेर बघत राहिली होती. त्यांची मुलगी चैत्राली जाऊन दोन वर्षं होत आली होती. सात वर्षांची होती. शेवटचे तीन महिने हॉस्पिटलमध्ये गेले. तिथून ती घरी आलीच नाही. यशोधन दुसऱ्या आठवड्यात कामावर रुजू झाला. शाळेला ईमेल त्याने केलं, डेंटिस्टची अपॉइंटमेंट त्याने कॅन्सल केली, सायकल कुणाला तरी देऊन टाकली. शरयूने तिच्या खोलीचा पडदासुद्धा कुणाला सरकवू दिला नाही. तेव्हापासून ती कुठे मुक्कामालाही गेली नव्हती.

"सापडलं का तुला?"

चौकटीखालून वाकून इंगा आत आल्या. ज्या कुटुंबाने घर बांधलं त्यांच्या त्या पणती. वय चौऱ्याऐंशी, ट्रस्टच्या वतीने किल्ल्या त्यांच्याकडेच असत. खडूची खूण बघून त्या भिंतीपासून जरा लांबच थांबल्या.

"याला प्रेताचं दार म्हणायचे," त्या म्हणाल्या. "एरवी विटा लावून बंद. घरात कुणी गेलं की विटा काढायच्या, पेटी इथून बाहेर न्यायची, आणि माणसं दफनाहून परतायच्या आत बाहेरून पुन्हा विटा रचायच्या. मेलेलं माणूस गेल्या वाटेनेच परत येतं, असं मानायचे. वाटच बुजवली म्हणजे झालं."

"कितीदा उघडलं असेल?"

"दोनदा. आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आधी घरातला म्हातारा. मग कियर्स्टीन, माझ्या आजीची धाकटी बहीण. १८९१. घटसर्पाने गेली, सहा वर्षांची."

यशोधन टेप गुंडाळू लागला. गुंडाळून झाल्यावरही तो ती हातात फिरवत राहिला.

शरयूने गुडघे टेकले आणि पात्याने कडेचा गिलावा अलगद खरवडला. जुन्या भिंतीच्या कडेवर चुन्याचे पापुद्रे एकावर एक बसले होते. पहिला पिवळसर, त्यावर करडा, त्यावर पांढरा, सगळ्यात वर मातकट. तिने भिंग लावून पुन्हा मोजले. चार. घर बांधताना एकदा आणि दोन दफनांनंतर दोनदा, असे तीनच हवे होते; दार चारदा बंद केलेलं होतं.

ती बाहेर जाऊन तीच जागा बघून आली. बाहेरून विटा रचल्या की बाहेरचे सांधे थापीने नीट ओढले जातात आणि आतल्या बाजूला चुन्याचे ओघळ राहतात. पहिल्या तीन थरांत तसंच होतं. चौथ्यात उलटं. बाहेर ओघळ, आत सांधे भरलेले. थापीने नव्हेत, बोटाने. एका सांध्याच्या खोबणीवर शरयूने आपली तर्जनी ठेवली. ती बरोबर बसली. तिने हात मागे घेतला.

"हे शेवटचं कुणीतरी आत उभं राहून बंद केलंय," ती म्हणाली.

इंगा खिडकीखालच्या बाकावर बसल्या.

"मारेन," त्या म्हणाल्या. "कियर्स्टीनची आई. मी आठ वर्षांची होते तेव्हा गेली. या भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बोलायची. मला वाटायचं, माझ्याशीच बोलतेय. मी उत्तरं द्यायचे."

"काय बोलायची?"

"काही विशेष नाही. थंडी वाजते का. ये, केस विंचरते. असंच." इंगांनी मांडीवरचा रुमाल सारखा केला. "इथलं पीक बुडालं तेव्हा नवरा ओरेगनला जायला निघाला. ही हलेना. तो एकटा गेला. लेक गेल्यावर सत्तावन्न वर्षं जगली, पण या घराबाहेर एक रात्र झोपली नाही. माझी आजी तिच्यापाशीच वाढली. आजी म्हणायची, आईने मला माझ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. तोंडात कियर्स्टीनच यायचं."

शरयू वहीत लिहीत होती: 'चौथा थर, आतून.' त्यापुढे तिला काही सुचेना. तिने पेनाला टोपण लावलं. बाहेर वारा सुटला होता. छपरात लव्हाळा सळसळला आणि आतली काजळी उघड्या वहीवर पडली. तिने ती फुंकरीने उडवली.

"ती आली का?"

प्रश्न यशोधनने विचारला होता. तो भिंतीपाशी उभा होता, टेप जमिनीवर पडली होती. इंगांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"आल्यावरच बंद केलं असणार," त्या म्हणाल्या. "त्याआधी कुठली आई दार लावेल?"

त्याने मान डोलावली. कामाची एखादी माहिती मिळाल्यावर डोलवावी तशी.

सामान आवरून शरयू कारमध्ये येऊन बसली, तेव्हा यशोधन आधीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. इंजिन बंद होतं. समोर घराचं छप्पर उतरत्या उन्हात तांबूस दिसत होतं, कपाळावर ओढून घेतलेल्या घोंगडीसारखं.

तिने पट्टा लावला. किती दिवस अडकलेलं वाक्य आता सहज बाहेर आलं.

"मंडेला त्यांना हो सांग. जाऊया आपण बॉथेलला."

त्याने किल्ली फिरवली नाही.

"यशोधन?"

"आपण गेल्यावर ती आली तर?"

आवाज त्याचाच होता, पण गेल्या दोन वर्षांत तिने तो ऐकला नव्हता. त्याचे हात कार चालत असल्यासारखे स्टिअरिंगवर घट्ट होते. हा प्रश्न कधीपासूनचा असेल? सायकल दिली त्या दिवशीचा? की दुसऱ्या आठवड्यात, टाय बांधून कामावर निघाला तेव्हाचा?

शरयू खाली उतरली, कारला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडलं.

"उतर. मी ड्राइव्ह करते."

तो उतरला, आणि तिथेच उभा राहिला, घराकडे तोंड करून. तिने त्याचा दंड धरला. कोटातूनही तो गार लागत होता.

"नवीन लोक राहायला येतील ना आपल्या घरात," ती म्हणाली. "ती आली, तर ते उघडतील दार."