डावीकडची जागा

फिटरसारखा हट्टी माणूस तुम्ही पाहिला नसेल. नाव कागदोपत्री काय असेल ते असो, सगळी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी तीन तासांवरच्या डोंगरावर, तिथल्या शाळेत शिकवत होती. घरात बोलायला भिंती आणि गॅरेजात बोलायला गाडी, असा त्याचा संसार.

गाडी पन्नास वर्षांची, दोन दारांची, दिसायला देखणी आणि इंजिन मात्र एवढंसं. डोंगराचा चढ लागला की धापा टाकायची आणि तिसऱ्या वळणावर हमखास थांबायची. मग बायको डावीकडून उतरायची, गाडी मागं घसरू नये म्हणून पायाशी ठेवलेली लाकडी उटी मागच्या चाकाला लावायची आणि "दमली बिचारी," म्हणत कठड्यावर बसायची. इंजिन थंड होईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगायच्या. बायको गेल्यावर फिटर त्या चढाला गेलाच नाही.

एकदा फोनवर न राहवून तो मुलीला म्हणाला, "महिनाभर ये की माझ्याकडे. घर खायला उठतं गं."

तिकडून मुलगी हसली. "तुमचा तो खटारा न थांबता माझ्या दारापर्यंत चढला ना बाबा, तर त्याच्यातच बसून येईन महिनाभर!"

ती बोलून गेली. ह्यानं मात्र ते गाठीशी बांधलं.

दुसऱ्याच दिवशी भंगारातल्या एका डिलिव्हरी व्हॅनचं इंजिन टेम्पोतून दारात उतरलं. ते जुन्याच्या दुप्पट ताकदीचं होतं. शेजारचा टर्नर लेथ बंद करून बघायला आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, नाकापेक्षा मोती जड! हे मावणार कुठं?"

"मावायचं नाही, मावून घ्यायचं," फिटर म्हणाला.

चौदा महिने लागले. फिटरनं गंज खरवडला, सडलेला पत्रा बदलला, दारं सरळ केली, तीन हात रंग दिला. पण इंजिनापाशी घोडं अडलं. ते वीतभर लांब होतं. पुढं रेडिएटर, त्यामुळं पुढं सरकवायची सोय नाही. मागं इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत. भिंतीच्या उजवीकडं ब्रेक आणि क्लच, त्यांना हात लावता येईना. राहिली डावी बाजू. फिटरनं डावीकडचा पत्रा कापला, आत पेटीसारखा फुगवून वेल्डिंग केलं आणि सायलेन्सरचा पाइपही त्याच बाजूनं खाली उतरवला. पुढं जागा उरली नाही म्हणून मागचा बाक काढून तिथं बॅटरी आणि स्टेपनी बसवली. डाव्या सीटखाली उटी सापडली. आता हिचं काय काम, म्हणून त्यानं ती खिळ्याला अडकवून टाकली.

आणि काय सांगू, गाडी चढली! तिसरं वळण कधी मागं पडलं ते कळलंसुद्धा नाही. फिटर एकटाच "शाब्बास गं माझे राणी!" असं ओरडला. ऐकायला अर्थातच कुणी नव्हतं.

मुलगी दारातच उभी होती. तिनं आधी गाडीला आणि मग बापाला मिठी मारली. "जिंकलात बाबा!" सुट्टीच होती, बॅग भरून तयार. तिनं डावं दार उघडलं, बसली आणि थांबली.

"बाबा, पाय कुठं ठेवू?"

"ठेव की जरा आखडून."

तिनं आखडले. गुडघे हनुवटीला टेकले. दार लागेना. त्यात पेटीचा पत्रा तापलेला. पोटरीला चटका बसला तशी ती "आई गं" करत बाहेर आली. मागं वाकून पाहिलं तर बॅटरी आणि स्टेपनी.

"तीन तासांचा तर प्रश्न आहे," फिटर चिडून म्हणाला. चिडला स्वतःवर, ओरडला तिच्यावर.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ह्यात दुसऱ्या माणसाला जागाच नाही."

चाळीस वर्षं मिलिमीटरच्या हिशेबात काढलेला माणूस! क्लचपासून स्वतःच्या टाचेचं अंतर त्यानं चारदा मोजलं होतं. डावीकडं टेप एकदाही लावली नव्हती. सात वर्षांत तिथं कुणी बसलंच नव्हतं. "बसनं येते मागून," असं ती म्हणत होती, पण तो "नको, राहू दे," म्हणत गाडी वळवून निघालासुद्धा.

घरी आल्यावर तो डावीकडून चढून त्या सीटवर बसला. गुडघे नाकाशी आले. तिथं बसून म्हातारा पोरासारखा रडला. मग त्यानं फोन लावला.

"चुकलं माझं. पेटी कापतो. जुनं छोटं इंजिन आहे अजून कापडाखाली, तेच परत घालतो. तिसऱ्या वळणावर थांबेल. उटी लावायला उतरशील?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "आणि माप कुणाच्या पायाचं घेणार? तुमच्याच? उद्या सकाळच्या बसनं येते मी. आणि हे बघा, आता 'नको' म्हणालात तर खबरदार!"

सकाळी कटरचा आवाज ऐकून टर्नर धावत आला. "अरे वेड्या, झालेली गाडी कापतोस कशाला?"

फिटरनं चष्मा कपाळावर सरकवला. "माझी लेक येतेय," तो म्हणाला. "तिला पाय आहेत."